वरचा नंदी

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला फाटक उघडलं तेव्हा उद्धवराव वसेकरांना आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर निळा पट्टा दिसला. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, ऑइलपेंटचा. त्याच्या खाली बाणाचं टोक आणि एक आकडा. रंग अजून पुरता वाळला नव्हता, एक ओघळ विटांच्या सांध्यातून खाली उतरून मध्येच थबकला होता. काल दुपारी ते जेवून आडवे झाले असताना पूररेषेची मोजणी करणारी माणसं गल्लीतून फिरून गेली, हे त्यांना सरलाबाईंनी संध्याकाळी सांगितलं होतं, पण भिंत रंगवून गेली हे सांगितलं नव्हतं. पट्टा त्यांच्या गुडघ्याच्या जरा वर येत होता. म्हणजे मोठा पूर आला तर पाणी इथवर, असं कुणीतरी ठरवलं होतं. त्यांनी आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. चारशे बावन्न पूर्णांक चाळीस. पिशवीवरचं गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी ते तिथंच उभे राहिले. आकडा त्यांच्या ओळखीचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो त्यांनीच लिहिला होता.

"अहो, दूध बाहेर तापवताय का?" सरलाबाई आतून म्हणाल्या. उद्धवरावांनी पिशवी आत नेऊन दिली आणि पुन्हा बाहेर आले. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर पट्टा होता. नदीकडच्या रांगेत तो कमरेएवढा वर, त्यांच्या रांगेत गुडघ्याशी, आणि अगदी डांबरी रस्त्याच्या तोंडाशी जोत्याला टेकलेला. एका सरळ रेषेत, अगदी चोख. मोजणी करणाऱ्यांचं काम चांगलं होतं. त्यात दोष काढायला जागा नव्हती, आणि हीच गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त टोचली.

हिंगोलीच्या कडेला, कयाधूच्या अंगाला वसलेल्या या वस्तीचं नाव सरितानगर. वीस बाय तीसचे एकेचाळीस प्लॉट. ज्यांना गावात घर घेणं झेपत नाही आणि खेड्यात परत जायचं नाही, अशांची वस्ती. एसटीतून निवृत्त झालेले भीमसिंग, दवाखान्यातला कंपाउंडर, शाळांवरचे दोन-तीन शिक्षक, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा प्रमोद. प्लॉट पाडणाऱ्याने तेव्हा पाटीवर निळ्या पाण्याचं आणि नावेचं चित्र काढलं होतं. नाव या नदीत कुणी पाहिली नाही. वर्षातले आठ महिने ती वेड्या बाभळींच्या मागे कुठेतरी असते, उरलेले महिने जलपर्णीखाली. घरांनी तिच्याकडे पाठ केलेली. समोर ओटा, मागे न्हाणीघर, आणि न्हाणीघराचं पाणी थेट उतारावर. उन्हाळ्यात बोअर मार्चपासून फुसफुसतात आणि नदीकाठच्या या नगरात पिंपांवर नंबर टाकून टँकरची वाट बघतात. डास मात्र बारा महिने. उद्धवराव कधीकधी मागच्या खिडकीत उभे राहून त्या हिरव्या साचलेल्या पट्ट्याकडे बघत आणि त्यांना वाटे, एकतीस वर्षं आपण हिची उंची मोजली, आणि ती एवढीच होती.

कारण नोकरीच ती. पाटबंधारे खात्याच्या मोजपट्टीवर सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच वाजता पाण्याची पातळी वाचायची, पूर असला की तासातासाला, आणि वहीत भरायची. नदीत उभा केलेला पांढरा खांब, त्यावर काळे आकडे. नोकरीला लागले तेव्हा जुने मापक कोंडीबा यांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. खांबाकडे बघायलाही शिकवायच्या आधी त्यांनी वहीवर बोट ठेवलं होतं. "रकाना रिकामा ठेवायचा न्हाई. ताप असो, पाऊस असो, घरी मयत असो. आडवी रेघ बी चालत न्हाई. माणूस नेमलाय म्हणल्यावर आकडा पाहिजे." उद्धवरावांनी ते पाळलं. वही पिवळी पडली, दुसरी आली, तिसरी आली, त्यांच्या अक्षरातला एकही चौकोन कोरा नव्हता. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात नेमकं हेच सांगितलं आणि त्यांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

साडेनऊला प्रमोद आला. पस्तिशीचा, सतत दोन कामांच्या मधे असलेला माणूस. आला तो फाटकातूनच बोलत. "काका, बघितलं न? आपण सगळे निळ्यात. निळ्यात म्हणजे बांधकामाला परवानगी न्हाई, दुरुस्तीला न्हाई, विकायला गेलं तर घेणारा न्हाई. मी लायसनच्या कागदाला गेलो तर तो बाबू हसून राहिला. म्हणे तुमी तर पाण्यात राहता."

"हरकत घेता येते," उद्धवराव म्हणाले. आपला आवाज त्यांना एखाद्या पत्रकातून आल्यासारखा वाटला.

"तेच म्हणून तर आलो. सोमवारी शेवटचा दिवस. तुमी खात्यात होते. तुमच्याइतकं कोणाला समजते? तुमी लिहा, आमी एकेचाळीस घरं सह्या करतो. भीमसिंग काका तर म्हणत होते, वसेकरांनी लिहिलं की कचेरीतला माणूस उभा राहून वाचतो."

"भीमसिंगांना कचेरी काय माहीत."

"ते जाऊ द्या. पण मुद्दा बराबर हाय न? पाणी इथं येत न्हाई. तुमीच सांगितलं व्हतं आमाला. प्लॉट घ्यायच्या येळंला."

सांगितलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः इथला सातवा प्लॉट घेतला तेव्हा बाकीचे तिकडेच बघत होते. मोजपट्टीवाला माणूस इथं घर बांधतोय म्हणजे धोका नाही. लोक येऊन विचारायचे आणि ते सांगायचे, इथं पाणी येत नाही, मी एवढी वर्षं बघतोय. खोटं नव्हतं ते. एकोणीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुरानंतर तिसऱ्या दिवशी ते इथं येऊन गेले होते, तेव्हा या सगळ्या जागेवर संतराम नावाच्या शेतकऱ्याची तूर होती. गुडघाभर तूर. तिच्या पानांना गाळ लागलेला नव्हता. एका पानालाही नाही. त्यांनी खाली वाकून बघितलं होतं, हात फिरवला होता, आणि सरळ होऊन घरी गेले होते. वहीत मात्र जो आकडा होता त्याप्रमाणे ती तूर पाण्याखाली होती. दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या, एक वहीत आणि एक डोळ्यांत. एवढी वर्षं त्या एकमेकींशेजारी शांतपणे राहिल्या. नळावर भांडत नाहीत पण बोलतही नाहीत अशा शेजारणींसारख्या.

"लिहितो," ते म्हणाले. प्रमोद गेल्यावर ते ओट्यावर बसले. समोर पट्टा होता. आत सरलाबाई फोनवर देवश्रीशी बोलत होत्या. देवश्री, त्यांची मुलगी, एक्केचाळीस वर्षांची, जूनमध्ये लेकीला घेऊन कायमची इकडे येणार होती. कायमची हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. सरलाबाई म्हणत, "शाळा सुरू व्हायच्या आत येईल." तिच्यासाठी वर एक खोली काढायची ठरली होती. नकाशा दोन महिन्यांपूर्वीच तयार झाला होता, खिडकी नदीकडे, देवश्रीनेच सांगितलं होतं. परवानगीचा कागद मात्र थांबला. पूररेषा ठरू द्या, मग बघू, असं उत्तर मिळालं. आता ठरली होती. दोन खोल्यांच्या घरात चौघं. मुलगा नचिकेत पुण्याहून आला तर त्याने कुठं झोपायचं, हा प्रश्न सरलाबाई विचारत नव्हत्या, पण पाहुण्यांच्या गाद्या मोजून पुन्हा घडी घालत होत्या.

आणि मोठ्या पुराच्या त्या दिवशीही कारण देवश्रीच होती. भाद्रपदातला तो दिवस, आकाशात नुसती भुरभुर. तिच्यासाठी आलेल्या स्थळाचं बोलणं करायला आखाडा बाळापूरला मुलाकडच्यांनी बोलावलं होतं. मुलगा नोकरीला, घर चांगलं, आजच या म्हणत होते. सकाळी आठची पातळी वाचून ते निघाले, पाचची संध्याकाळी परत येऊन वाचू असा हिशेब. बैठक लांबली. चहा झाला, पोहे झाले, मुलाच्या मामांनी घराण्याची माहिती सांगितली. मुलगा कोपऱ्यात बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. तो एवढा गप्प का, हे त्यांना विचारावंसं वाटलं होतं. पण बाहेर पाऊस वाढत होता आणि डोक्यात मोजपट्टी होती. त्यांनी हो म्हटलं. बाहेर पडले तर ओढे भरून रस्ते बंद. रात्र तिथंच काढावी लागली. वारंगा फाट्याकडून येणारा एक ट्रक सकाळी मिळाला, त्याच्या केबिनमधून ते नऊला नदीवर पोचले. मोजपट्टीचा खांब नव्हता. जिथं तो असायचा तिथं तपकिरी पाणी फिरत होतं, आणि तेही ओसरायला लागलेलं. वरून निरोप येऊन पडला होता, रात्रीची सर्वोच्च पातळी दहा मिनिटांत कळवा.

काठावर महादेवाचं देऊळ. तिथं दोन नंदी. एक खाली पायऱ्यांपाशी, झिजून गुळगुळीत झालेला, आणि एक नवा, वर ओट्यावर, कुणीतरी नवस फेडायला बसवलेला. दोघांत चांगला पाच हातांचा फरक. देवळाच्या कडेला शकुबाईचं खोपट होतं, ती नदीच्या वाळूत टरबुजं आणि भाजी लावायची. ती चिखलात उभी होती. त्यांनी पाणी कुठवर आलं ते विचारलं, तिने स्वतःच्या कानाला हात लावला आणि म्हणाली, वरच्या नंदीच्या कानापर्यंत, सायब. ओट्याची उंची त्यांना पाठ होती. त्यांनी बेरीज केली, लिहिलं, कळवलं. असं झालं होतं. गेली एकोणीस वर्षं ते असंच झालं होतं. आकडा शकुबाईचा होता, अक्षर फक्त त्यांचं. तूर कोरडी दिसली तेव्हाही त्यांनी स्वतःला हेच सांगितलं, बाई चुकली असेल, अडाणी माणूस, घाबरलेली. दुरुस्ती करायची तर लेखी खुलासा आला, आणि खुलाशात पहिला प्रश्न हाच की त्या रात्री आपण कुठं होता. जास्तीचा आकडा कुणाला मारत नाही, असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं. पूर कमी सांगितला तर माणसं मरतात, जास्त सांगितला तर कुणाचं काय जातं.

सरलाबाईंनी चहा आणून ठेवला. "देवश्री विचारत होती, खिडकीला जाळी लावणार का. डास फार असतील म्हणाली." त्यांनी बशी पुढे सरकवली. "मी म्हटलं बाबा बघतील." उद्धवरावांनी चहा घेतला नाही. चप्पल घातली.

शकुबाई आता वस्तीच्या नदीकडच्या शेवटच्या रांगेत राहत होती. नातवाने प्लॉटवर दोन पत्र्याच्या खोल्या टाकल्या होत्या. अकरा वर्षं एकाच वस्तीत राहून उद्धवराव तिच्या दारात एकदाही गेले नव्हते. रस्त्यात भेटली तर ती "सायब" म्हणायची, ते मान हलवायचे. जाताना त्यांच्या मनात काय होतं हे त्यांना नीट ठाऊक होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती, निदान त्या रस्त्यावर तरी नाही. म्हातारीने चूक कबूल करावी. दोन ओळींचा जबाब, खाली अंगठा. माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या स्मरणातील त्रुटीमुळे, असं वाक्यसुद्धा तयार झालं होतं. चांगलं, कुणाला न दुखवणारं वाक्य.

ती दारात पोत्यावर बसून चिंचा फोडत होती. शेजारी चिंचोक्यांचा ढीग. भिंतीवर निळा पट्टा, तिच्या बसल्या डोक्याच्याही वर.

"कोण हाय?"

"मी. वसेकर."

"मोजपट्टीवाले सायब व्हय. या. पुनम, सायबाला खुर्ची दे गं."

नातसून पुनमने प्लास्टिकची खुर्ची आणून पदराने पुसली आणि आत गेली. उद्धवराव बसले.

"शकुबाई, तो मोठा पूर आठवतो?"

"न आठवायला काय झालं. खोपट गेलं माझं त्यात. दोन शेळ्या गेल्या."

"सकाळी मी आलो होतो. पाणी कुठवर आलं म्हणून तुम्हाला विचारलं होतं."

"न्हाई."

"विचारलं होतं, शकुबाई. तुम्ही कानाला हात लावून..."

"कानाला हात तुमी लावला, सायब." ती चिंचेवरून नजर न काढता बोलत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमी लांबूनच वरडत आले. म्हणले, वरच्या नंदीच्या कानाला लागलं व्हतं न पाणी? मी म्हणलं व्हय."

उद्धवराव खुर्चीत पुढे सरकले. "मग लागलं नव्हतं?"

"मला काय ठावं. मी सांजचंच लेकरं घेऊन टेकडावर गेले व्हते. नंदी बघाया कोण थांबतंय."

"मग व्हय काहून म्हणल्या?" तिची बोली त्यांच्या तोंडात कधी आली ते त्यांनाही कळलं नाही.

आता तिने वर पाहिलं. डोळ्यांत जरा गंमत होती. "तुमाला घाई व्हती. हातात वही, बुटाला चिखल. म्या शेळ्या हुडकून राहिले व्हते. व्हय म्हणलं म्हणजे तुमी जाल, म्हणून म्हणलं. गेलेच की तुमी लगोलग."

एक माशी चिंचेवर बसली, उठली, पुन्हा बसली. उद्धवरावांना तो चिखल दिसला. ती चिखलात उभी होती, इतकं खरं होतं. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती पाण्याच्या कडेने बघत होती, मान लांब करून, आणि काहीतरी पुटपुटत होती. ते एवढी वर्षं त्यांना नवस वाटत आला होता. ती शेळ्यांना हाका मारत होती. आणि कानाला हात, तो हात, त्यावर घड्याळाचा पट्टा होता. त्यांचाच. तेव्हाही त्यांना हवं होतं ते उत्तर घेऊन ते निघाले होते, आणि वरचा नंदी का, तर वरचा सुरक्षित. खालचा म्हटला असता आणि आकडा कमी निघाला असता तर बोट त्यांच्याकडे आलं असतं. आदल्या दिवशी बाळापूरच्या बैठकीतही, आता त्यांना आठवलं, त्यांनी मुलाला विचारलंच नव्हतं. "स्वभावाने शांत दिसतात," असं त्यांनीच मामांना सांगितलं होतं, आणि मामा "व्हय" म्हणाले होते.

ते उठले. खुर्चीचा पाय मातीत रुतला होता, ती त्यांनी सोडवून सरळ केली. दोन पावलं जाऊन थांबले.

"शकुबाई. शेळ्या सापडल्या का?"

"आता विचारून राहिले व्हय." ती हसली, दात नसलेलं, मोकळं हसू. "एक घावली. बाभळीत अडकली व्हती. जित्ती."

घरी येऊन त्यांनी हरकतीचा छापील अर्ज टेबलावर ठेवला. सरलाबाई समोर भाजी निवडत बसल्या. पेन चालू झालं की त्यांचे हात थांबत. उद्धवरावांचं अक्षर अजूनही वहीतल्यासारखं होतं, उभं, एका उंचीचं. त्यांनी लिहिलं: सदर सर्वोच्च पातळी मी, तत्कालीन मापक उद्धव वसेकर, प्रत्यक्ष वाचलेली नाही. त्या रात्री मी मुख्यालयी हजर नव्हतो. कळवलेला आकडा मी अंदाजाने, स्वतःवर ठपका येऊ नये म्हणून वाढीव धरून लिहिला. त्यासाठी कोणत्याही स्थानिक व्यक्तीने मला माहिती दिलेली नाही. तिसऱ्या दिवशी आजच्या सरितानगरच्या जागेवरील तूर मी स्वतः पाहिली. तिला गाळ लागलेला नव्हता.

सरलाबाईंनी कागद ओढून वाचला. दोनदा वाचला. "चौकशी लागेल?"

"लागेल बहुतेक."

"एवढ्या वर्षांनी." त्यांनी एक शेंग मोडली. "तुम्ही मला तेव्हा म्हणाला होतात, वेळेत पोचलो."

"हो."

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, मग आलाच नाही. उद्धवराव पुढच्या पानावर गेले. तिथं तक्ता होता. घोषित पातळी, या रकान्यात त्यांनी तो आकडा भरला. हरकतीचं कारण भरलं. शेवटचा रकाना होता, हरकतदाराच्या मते योग्य पातळी. पेन तिथं आलं आणि थांबलं. खालच्या नंदीच्या कानाशी धरली तर दोन मीटर उतरतात, एकेचाळीस घरं मोकळी होतात, वरच्या खोलीला खिडकी मिळते. तो हिशेब त्यांनी न करताच डोक्यात होऊन गेला. आकडा तयार होता, अगदी दोन दशांश स्थळांपर्यंत. कुणीही त्याला खोटं म्हणू शकलं नसतं. बघणारं कुणी नव्हतंच. पाणी एका रात्रीत आलं होतं आणि गेलं होतं, आणि ज्याला बघायला नेमलं होतं तो पोहे खात बसला होता.

पाचला प्रमोद सह्यांचे कागद घेऊन आला. उभ्याउभ्याच पहिलं पान वाचायला लागला आणि वाचतावाचता खुर्चीवर बसला.

"म्हणजे हे पट्टे," तो शेवटी म्हणाला, "तुमच्यामुळं."

"हो."

"आन् आमी तुमालाच विचारून प्लॉट घेतले." तो हसला की काय झालं ते कळलं नाही. "कमाल हाय काका. खरं सांगितलं ते तोंडी, अन् खोटं लिहून ठेवलं." मग त्याने पान उलटलं, धंद्याच्या माणसाचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि शेवटी थांबलं. "हे काय? इथं टाका न काहीतरी. हे रिकामं दिसलं की ते पहिल्या झटक्यात बाजूला टाकतील. म्हणतील, चूक म्हणता तर बरोबर काय?"

"बरोबर काय ते मला माहीत नाही."

"अंदाजे टाका. तुमच्याइतका अंदाज कोणाला हाय?" त्याचा आवाज चढला होता, पण त्यात विनवणीही होती. "तुमचंच घर हाय न काका यात. ताईची खोली हाय. एक आकडाच तर टाकायचा."

आतल्या दारात सरलाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात कोरडे, पदरात गुंडाळलेले. त्या प्रमोदकडे बघत नव्हत्या, त्या चौकोनाकडे बघत होत्या. उद्धवरावांनी पेन उचललं, खाली सही केली, तारीख घातली. पांढऱ्या चौकोनात आडवी रेघसुद्धा ओढली नाही. टोपण लावलं, ते नीट बसलं का हे अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि कागद प्रमोदच्या पुढे सरकवला.

"राहू दे तसाच," ते म्हणाले.